तुमची गाडी, आमचा सल्ला

प्रश्न : माझी 2021 ची डिझेल जीप कंपास. घोडबंदर रोडवरच्या घरापासून ठाणे स्टेशन, एवढाच रोजचा प्रवास. कंपनीचे मालक सारखे बदलतात म्हणे. पुढे पार्ट मिळतील ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मालक बदलले, हे खरं. जीपची मूळ कंपनी विलीज, तिच्याकडून 1953 मध्ये कायझर, 1970 मध्ये अमेरिकन मोटर्स, 1987 मध्ये क्रायस्लर. पुढे डायम्लर, सर्बेरस, फियाट आणि 2021 पासून स्टेलांटिस. तुमच्या दृष्टीने यातलं फियाट महत्त्वाचं. तुमचं दोन लिटरचं इंजिन मूळ फियाटचं, टाटा हॅरियरमध्येही तेच कूळ. गाडी बनते आपल्या रांजणगावात. इंजिनाच्या पार्टची धास्ती नको.

मला काळजी वाटते ती तुमच्या रोजच्या प्रवासाची. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो धुरातली काजळी अडवतो. ती जळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. कापूरबावडीच्या गर्दीत ते कुठून येणार? आठवड्यातून एकदा गाडी नाशिक हायवेला पडघ्यापर्यंत न्या, एका लयीत, अर्धा तास. थांबल्यावर पंखा जोरात फिरत असेल, आयडलिंग वाढलेलं असेल तर लगेच चावी फिरवू नका, काजळी जळणं पुरतं होऊ द्या. डिपस्टिकही बघत जा. ऑइल वर चढलेलं दिसलं तर त्यात डिझेल उतरतंय, ऑइल लगेच बदला. नवं ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, कमी राखेचं, म्हणजे जळल्यावर कमी राख सोडणारं. वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजात स्वस्त ऑइलचा डबा घेऊन येणाऱ्याला मी सरळ परत पाठवतो.