बाजरीतला अरगट: दळण्याआधी काढा

बाजरीत काळपट, टोकदार, दाण्याहून थोडे लांब तुकडे दिसले तर ते उंदराच्या लेंड्या समजून सोडू नका. त्या अरगट बुरशीच्या गाठी असतात. फुलोऱ्यात ढगाळ, दमट हवा राहिली की कणसावर मधासारखा चिकट द्रव येतो आणि पुढे दाण्याच्या जागी ही गाठ धरते. असं धान्य खाण्यात आलं की मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी येते. यालाच अरगटची विषबाधा म्हणतात.

नुसत्या चाळणीवर भिस्त ठेवू नका. मोठ्या गाठी वर राहतात, पण मळणीत तुटलेले तुकडे दाण्यांबरोबरच खाली पडतात. त्यापेक्षा 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ पूर्ण विरघळवा, बाजरी थोडी थोडी टाकून ढवळा. गाठी आणि पोचट दाणे तरंगतात, ते झाऱ्याने काढा. मीठ कमी पडलं तर गाठी तळाशी बसतात, म्हणून इथे हात आखडू नका. तळाची बाजरी साध्या पाण्याने 2-3 वेळा धुऊन लगेच पातळ पसरून वाळवा. ढीग ओला राहिला तर दुसरी बुरशी लागेल. बियाणं असेल तर सावलीतच वाळवा.

तरंगलेला माल जनावरांना घालू नका, खोल पुरा. अन्नधान्यात अरगटची कायदेशीर मर्यादा वजनाच्या 0.05 टक्के आहे, म्हणजे क्विंटलला जेमतेम 50 ग्रॅम. पीठ झाल्यावर काहीच निवडता येत नाही आणि भाकरी खरपूस भाजली म्हणून विष जाईल याचा भरवसा नाही. त्रास झालाच तर ती बाजरी बंद करा आणि डॉक्टरकडे जाताना मूठभर दाणे सोबत न्या.