कॅरम, करंबळ आणि बेसबॉलची भिंत

न्यू जर्सीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांनी घेतलेल्या जुन्या घराच्या तळघरात आधीच्या मालकाने तसंच सोडून दिलेलं एक भलंमोठं टेबल आहे. वर हिरवी बनात, काळसर लाकडाच्या जाड कडा, पण चेंडू पडायला एकही भोक नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने ते पाहिलं आणि म्हणाला, हे पूल टेबल नव्हे, कॅरम टेबल आहे. त्याच आठवड्यात टीव्हीवर बेसबॉल चालू असताना समालोचक म्हणाला की चेंडू भिंतीवरून 'कॅरम' झाला. ताई विचारतात: हा कॅरम म्हणजे आपलाच कॅरम का? आणि जुन्या बेसबॉलबद्दलच्या एका लेखात 'सामन्यांवर पूल विकले जात' असं वाचलं, म्हणजे काय, मैदानात टेबलं विकत होते का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच टेबलाभोवती फिरतात, म्हणून एकत्रच लिहितो. आधी कॅरम, कारण तो शब्द आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो.

होय, शब्द एकच आहे. बिलियर्ड्समध्ये आपल्या चेंडूने एका फटक्यात दुसरे दोन्ही चेंडू गाठणं म्हणजे कॅरम. तुमच्या टेबलाला भोकं नाहीत, कारण त्यावरचा खेळ चेंडू भोकात घालण्याचा नव्हताच. तीन चेंडू, एक काठी आणि टकरींचे गुण, एवढाच तो खेळ. इंग्रजीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द 'कॅरम' असा आखूड झाला. त्याआधीचं लांब रूप फ्रेंच 'कारांबोल', आणि त्यामागे स्पॅनिश-पोर्तुगीज 'कारांबोला'. फ्रेंच खेळाडू टेबलावरच्या लाल चेंडूला कारांबोल म्हणत. ब्रिटिशांनी या शब्दाचं पुढे 'कॅनन' करून टाकलं, त्यामुळे इंग्लंडमध्ये त्याच फटक्याला तोफेचं नाव आहे. अमेरिकेने मात्र कॅरम जपला.

आता कारांबोला म्हणजे काय? पोर्तुगीज भाषेत ते एका फळाचं नाव आहे. पाच उभ्या धारांचं, पिकल्यावर पिवळं, आडवं कापलं की चांदणीसारखी चकती निघणारं आंबटगोड फळ. मुंबईत शाळेच्या फाटकाबाहेर मीठ-तिखट लावून मिळायचं ते कमरक, किनाऱ्याकडे करंबळ, करमळ, करमर. (करमळ नावाचं एक अगदी वेगळं, मोठ्या पानांचं जंगली झाडही आहे. त्याचा इथे संबंध नाही, आणि या घोळात मी स्वतः बराच काळ अडकलो होतो, म्हणून मुद्दाम सांगतो.) संस्कृतात कर्मरंग, हिंदीत कमरख. वनस्पतिशास्त्रातल्या नावातही कारांबोला आहेच.

पोर्तुगीजांना हे नाव कुठून मिळालं, यावर इंग्रजी कोश बहुधा सरळ 'मराठी करंबळ' असं लिहून मोकळे होतात. मोल्सवर्थच्या कोशात मराठी नाव म्हणून ते रूप आहे, म्हणून ही व्युत्पत्ती रुळली. आपल्याला ऐकायला गोड वाटतं, मलाही वाटतं. पण गोव्यात राहिलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात वेगळं सांगितलंय. त्यात तो घरातल्या आंतोनियाला झाडावरून एकदोन कारांबोला तोडून आणायला सांगतो आणि पाहुण्याला समजावतो की हे मलबारचं नाव, तिथे आमची या फळाशी पहिली ओळख झाली म्हणून आम्ही ते उचललं. दख्खनी लोकांचं नाव म्हणून तो कमरखच्या जवळचं वेगळंच रूप देतो. झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाची साक्ष मला कोशापेक्षा जड वाटते. म्हणून मी असं म्हणेन की शब्द पश्चिम किनाऱ्याचा आहे, मलबार ते कोकण अशा पट्ट्यातला. एकट्या मराठीच्या पदरात तो टाकू नये.

दुसरी एक कडी अजून कच्ची आहे, तीही सांगायला हवी. धारांचं, चांदणीसारखं फळ आणि गोल लाल चेंडू यांचा मेळ कसा बसला? बहुतेक व्युत्पत्तिकार दोन्ही शब्द एकच धरतात, पण 'बहुधा' हा शब्द लावूनच. आकारापेक्षा रंगीत, परदेशी, लक्षात राहणारी गोष्ट म्हणून लाल चेंडूला फळाचं नाव चिकटलं असावं, असं मला वाटतं. आपल्याकडे नाही का, गोट्यांतल्या एखाद्या मोठ्या गोटीला पोरं मनाला येईल ते नाव ठेवत!

आता आपला कॅरम. लाकडी चौकोन, चार कोपऱ्यांत भोकं, सोंगट्या, स्ट्रायकर, बोरिक पावडर आणि मधोमध लाल राणी. आमच्या वाड्यात गणपतीच्या दहा दिवसांत बोर्डावर एक मोठा बल्ब लोंबता असे, आणि ज्या सोंगटीला सरळ वाट नाही तिच्यासाठी समोरच्या कडेवर स्ट्रायकर आपटून, परत येताना तिला नेमकी उचलणारा एक दादा होता. फटका मारण्याआधी तो बोट कडेवर टेकवून कोन मापायचा. आम्ही त्याला 'रिबाउंड' म्हणायचो. बिलियर्ड्सवाल्याने तिथे कॅरम हाच शब्द वापरला असता, कारण दोन चेंडूंना लागण्यापासून सुरू झालेला हा शब्द एव्हाना 'आपटून वळणं' या अर्थापर्यंत सरकला होता.

भारतातला बोर्ड नेमका कुठून आला यावर वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण अमेरिकेतल्या कॅरम बोर्डाची जन्मकथा तुमच्या टेबलाशी थेट जोडलेली आहे. मिशिगन राज्यातल्या लुडिंग्टन गावी हेन्री हॅस्केल नावाचे एक गृहस्थ चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवत. गावातली मुलं पूलच्या अड्ड्यांवर बसतात याची त्यांना काळजी. म्हणून १८९० च्या दशकात त्यांनी घरात खेळता येईल असा लाकडी बोर्ड काढला आणि त्याला टेबलावरचंच नाव दिलं. म्हणजे पूलच्या खोलीतून पोरांना बाहेर काढणाऱ्या खेळालाही त्याच टेबलाचा शब्द!

पूलच्या खोलीची एवढी धास्ती का, हे कळलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

हा पूल पाण्याचा नव्हे. पोहायचा पूल हा जुना इंग्रजी शब्द, डोहाच्या अर्थाचा. खेळातला पूल फ्रेंच 'पूल' म्हणजे कोंबडी, त्यातून आलेला. फ्रेंच जुगारात सगळ्यांनी मध्ये टाकलेल्या पैशांना कोंबडी म्हणत. कोंबडीवर नेम धरून मारायची, ज्याचा नेम लागेल त्याची ती कोंबडी, अशा जुन्या खेळावरून ते आलं असं सांगतात. ते खरं असो नसो, सगळ्यांनी मध्ये टाकलेली रक्कम हा अर्थ पक्का आहे. आज आपण कार पूल म्हणतो त्यातही हाच पूल. मराठीत भिशीच्या जवळ जाणारी कल्पना, फक्त इथे सगळं एकाच्या हाती लागतं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'पूल विकणं' हा उघड धंदा होता. समजा दोन संघांचा सामना आहे. पूलवाला मोठ्या आवाजात एकेक संघ लिलावाला काढायचा. जो जास्त बोली देईल त्याच्या नावावर तो संघ. दोघांचे पैसे एकत्र ठेवायचे, जिंकलेल्या संघाच्या धन्याला ते सगळे मिळायचे, पूलवाला आपलं कमिशन कापून घ्यायचा. घोड्यांच्या शर्यतींवर हे सुरू झालं, बेसबॉलवरही आलं. अशा सट्ट्याच्या जागेला पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गिऱ्हाईक बसून राहावं म्हणून तिथे बिलियर्ड्सची टेबलं मांडली जात. त्या टेबलांवर चालणाऱ्या, चेंडू भोकात घालायच्या खेळालाही आधीपासून पूल म्हणत, कारण प्रत्येक जण त्यात पैसे टाकायचा. एक नाव पैशाचं, एक खेळाचं, आणि दोन्ही एका छपराखाली. सट्टा संपला, टेबलं राहिली, आणि लोक समजू लागले की पूल म्हणजे टेबलच.

बेसबॉलशी याचा संबंध फार जवळचा आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने बेसबॉलचे नियम लिहिले ते १८४५ मध्ये, आणि त्याच वर्षी सिनसिनाटीत जॉन मोझेस ब्रन्सविकने पहिलं बिलियर्ड टेबल बनवलं. हा निव्वळ योगायोग, पण दोन्ही खेळ पुढे एकाच शहरी वर्गात वाढले. 'क्लिपर'सारख्या खेळांच्या साप्ताहिकात दोघांच्या बातम्या शेजारी छापून येत. टेबलावरचे शब्द मैदानावर उतरले ते याच शेजारातून. नशिबाने लागलेल्या फटक्याला बिलियर्ड्समध्ये 'स्क्रॅच' म्हणत, बेसबॉलमध्ये अजूनही असल्या फुकटच्या फटक्याला 'स्क्रॅच हिट' म्हणतात. चेंडूला बाजूने दिलेल्या फिरकीला अमेरिकन माणूस 'इंग्लिश' म्हणतो, ब्रिटिश मात्र तिला 'साइड' म्हणतो. हा 'इंग्लिश'ही बेसबॉलमध्ये आला.

आणि पैसाही टेबलाकडून मैदानाकडे आला. १८६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स संघातल्या तिघांनी पैसे घेऊन सामना मुद्दाम घालवला. बेसबॉलमधली ही पहिली नोंदलेली फसवणूक. १८७६ मध्ये बेसबॉल क्लबांची नॅशनल लीग स्थापन झाली तेव्हा मैदानावर पूल विकायला बंदी हे तिच्या नियमांतच होतं. ताई, तुमच्या लेखातलं वाक्य याच काळातलं. तरी पुढच्याच वर्षी लुईव्हिलचा संघ आघाडीवर असताना अचानक गडगडला. क्लबच्या चालकांना एक निनावी तार आली: सट्टेवाले तुमच्या विरुद्ध पैसे लावताहेत, आपल्या माणसांवर नजर ठेवा. तार आली होती होबोकेनहून, तुमच्याच न्यू जर्सीतून. ज्या होबोकेनच्या एलिशियन फील्ड्सवर १८४६ मध्ये निकरबॉकर नियमांचा तो प्रसिद्ध सामना झाला, तेच गाव. चौकशी झाली आणि जिम डेव्हलिन, जॉर्ज हॉल, अल निकोल्स, बिल क्रेव्हर या चौघांना कायमचं बाहेर काढलं. डेव्हलिन हा त्या संघाचा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता. त्याने पुढे कितीदा तरी माफीसाठी दारं ठोठावली, ती उघडली नाहीत.

म्हणून पूलरूम हा शब्द बदनाम झाला, आणि टेबलं बनवणाऱ्यांना 'पॉकेट बिलियर्ड्स' असं सभ्य नाव रुजवायची धडपड करावी लागली. पण बेसबॉलच्या खेळाडूंनी टेबल सोडलं नाही. शिकागोचा कॅप अँसन बिलियर्ड्सचा वेडा, त्याने स्वतःचा बिलियर्ड हॉलही चालवला. न्यूयॉर्क जायंट्सचा जॉन मॅग्रॉ १९०६ मध्ये हेरल्ड स्क्वेअरला एका हॉलचा भागीदार झाला. तिथेच १९०९ मध्ये आर्नल्ड रॉथस्टीन नावाचा सट्टेबाज तीस तासांहून जास्त वेळ सलग पूल खेळला. हाच रॉथस्टीन, ज्याचं नाव पुढे १९१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या फिक्सिंगमध्ये गोवलं गेलं, जरी कोर्टात त्याला कधी शिक्षा झाली नाही.

भिंतीचं राहिलं. बेसबॉल सुरुवातीला मोकळ्या मैदानात खेळत. ब्रुकलिनच्या युनियन ग्राउंड्सला १८६२ मध्ये कुंपण पडलं, तिकिटाचे पैसे घेता यावेत म्हणून. पुढे शहरांत जागा आखडत गेली तशा भिंती जवळ आल्या, आणि चेंडू त्यांवर आपटून परतू लागला. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची हिरवी भिंत सदतीस फूट उंच आहे. बॉस्टनचा खेळाडू कार्ल यस्ट्रेम्स्की तिथे वर्षानुवर्षं उभा राहिला. भिंतीवर चेंडू कुठे लागला की कुठे पडेल हे ओळखून तो आधीच त्या जागी जाऊन थांबे. याला 'कॅरम खेळणं' म्हणतात. बोट कडेवर टेकवून कोन मापणारा आमचा दादा मला तिथेच दिसतो.

मराठीत समालोचन करायचं झालं तर? 'चेंडू कॅरम झाला' असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला सोंगट्या आठवतील आणि वाक्य फसेल. 'भिंतीवर आपटून वळला' पुरेसं आहे. कॅरमपटूंमध्ये बोलत असाल तर 'रिबाउंड' बिनधास्त म्हणा.

आणि ताई, टेबल विकायची घाई करू नका. कडेवर किंवा खालच्या चौकटीवर धातूची लहान पट्टी असते, ती पुसून वाचा. 'फेलन अँड कॉलेंडर' असेल तर टेबल १८७१ मध्ये वारलेल्या मायकेल फेलनच्या हयातीतलं असण्याची शक्यता आहे, म्हणजे नॅशनल लीगहूनही जुनं. फेलन आणि कॉलेंडर या दोघांनीच चेंडूंसाठी हस्तिदंताऐवजी दुसरा पदार्थ शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं, आणि त्या खटपटीतूनच जॉन हायटचं सेल्युलॉइड हे सुरुवातीचं प्लास्टिक आलं. 'ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर' असं तीन नावांचं असेल तर ते १८८४ नंतरचं. पट्टीवर काय आहे ते कळवा.