आजीच्या लग्नातील जुन्या वस्तू गावातील छोट्या संग्रहालयाला द्याव्यात का?

आपल्या आजींच्या लग्नातील पैठणी, बाशिंग, फणेरपेटी (फणी, कुंकू ठेवण्याची पेटी) आणि रुखवतातील मण्यांचे तोरण घरात जपून ठेवलेले आहे, आणि तालुक्याच्या गावी लग्नाच्या जुन्या वस्तूंचे जे लहानसे संग्रहालय उघडले आहे त्याला यांतील काय द्यावे, असे आपण विचारले आहे. अशाच एका छोट्या संग्रहालयात मी वस्तूंच्या नोंदी ठेवण्याचे काम करते. माझे स्पष्ट मत असे आहे की बाशिंग सर्वांत आधी द्यावे आणि पैठणीचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा.

पैठणी मोलाची म्हणून घरोघरी जपली जाते. बाशिंगाचे काम मात्र लग्न लागले की संपते, आणि पुढे ते माळ्यावर जाते किंवा विसर्जित होते. भेंड या पाणवनस्पतीचा पांढरा, अतिशय हलका गाभा कापून, त्यावर रंगीत कागद, बेगड आणि मणी लावून जुनी बाशिंगे केली जात. हा गाभा दमट हवेत पिवळा पडतो आणि त्याला कीडही लागते, त्यामुळे धड राहिलेले जुने बाशिंग क्वचितच हाती येते. ते पाहताना मागची बाजूही अवश्य पाहावी. आमच्याकडील एका बाशिंगाला मागून खळीने छापील कागद चिकटवलेला आहे. कारागिराने हाताशी आलेला कागद कसा वापरला, गाठी कुठे मारल्या, हे तिथेच कळते, आणि समोरून कितीही वेळ पाहिले तरी ते समजत नाही.

फणेरपेटीबाबत एक कळकळीची विनंती आहे. पूर्वी कपाळाला आधी मेण लावून त्यावर कोरडे कुंकू टेकवीत, त्यामुळे पेटीतील मेणाच्या डबीत बहुधा कुंकवाने लाल झालेला जुना थर असतो. तो खरवडून काढू नये, आणि पितळेचा करंडा चिंचेने घासून लखलखीत करू नये, कारण वस्तू रोज वापरात होती याचा पुरावाच त्याने नाहीसा होतो. तोरणाचे मणी सुटत असतील तरी नव्या दोऱ्यात ओवू नयेत; आहे तसेच द्यावे.

पैठणी घरातील कोणी नेसणार असेल तर ती घरीच राहू द्यावी. ती धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत आणि अधूनमधून घडी बदलावी, नाहीतर जुने रेशीम घडीवरच विरते.

अशा साध्या वस्तूंना संग्रहालयात जागा असते का, ही शंका आमच्याकडे येणारे पुष्कळ जण बोलून दाखवतात. पुण्याचे दिनकर केळकर यांनी 1920 च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली, आणि दिवे, अडकित्ते, वज्री, कुंकवाचे करंडे अशा घरगुती वस्तू अत्यंत आस्थेने जमवल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभारलेला तो संग्रह त्यांनी 1975 मध्ये राज्य सरकारला दिला. आज ते संग्रहालय पाहताना या लहान वस्तूंसमोर मी सर्वाधिक वेळ थांबते.

वस्तू देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांकडून माहिती लिहून घ्यावी: लग्न कोणत्या गावी आणि कोणत्या साली झाले, तोरण कोणी ओवले, बाशिंग कोठून आणले. त्या लग्नासाठी छापलेला मंगलाष्टकांचा कागद किंवा लग्नपत्रिका सापडली तर तीही सोबत द्यावी, कारण नावे आणि तिथी त्यावर पक्की असतात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून वस्तूला सुती दोऱ्याने सैल बांधावी, चिकटपट्टी मुळीच लावू नये. संग्रहालयाकडून प्रत्येक वस्तूची स्वतंत्र पोच घ्यावी, आणि ती कायमची दिली आहे की ठरावीक मुदतीसाठी, तसेच संग्रहालय पुढे बंद झाल्यास ती कोणाकडे जाईल, हे त्या पोचेवरच लिहून घ्यावे.