उभ्या गाडीचं इंजिन आपोआप बंद पडतंय?

भावा, खडीच्या क्रशरवर नंबराची वाट बघताना ट्रकच्या टायमरने इंजिन आपोआप बंद केलं की सुरुवातीला मीही चिडायचो. एसी गेला, उकडायला लागलं की तोंडात शिव्याच! पण कुणा वायरमनच्या नादी लागून सेन्सर तोडू नकोस. मी तोडला होता. चेक लाइट पेटली, गाडी पिकअप घेईना आणि दोन खेपा बुडाल्या.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल ट्रकला सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. नुसत्या आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं तर, धूर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही, फिल्टर चोंदतो. डिझेल जळतं ते वेगळंच. म्हणून टायमर उभ्या गाडीचं इंजिन बंद करतो.

खरी गोम पुढे आहे. इंजिन बंद झालं तरी चावी ऑनच राहते. लाइट, पंखा, टेप चालू ठेवून झोपलास तर सकाळी बॅटरीला जंपर लावायला दुसरी गाडी शोधत फिरशील. चावी ऑफ करूनच आडवा हो.

हायड्रॉलिकचं काम असेल तर आधी पीटीओ (इंजिनाची ताकद हायड्रॉलिक पंपाला देणारा जोड) लाव. बऱ्याच गाड्यांत मग टायमर आडवा येत नाही. तरीही बंद होत असेल तर सर्व्हिस सेंटरवर विचार, लॅपटॉप लावून वेळ वाढवता येते का. मालकाच्या कानावर मात्र आधी घाल.