जुनी सॅन्ट्रो सिग्नलला थरथरते आणि पिकअप घेताना झटके मारते, इंजिन खोलावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की २००७ ची सॅन्ट्रो झिंग आहे, पेट्रोलवर चालते, सिग्नलला उभी राहिली की स्टेअरिंगपर्यंत थरथर येते, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला रेस दिली की झटके मारते, पावसात तर जास्तच, आणि मेकॅनिकने थेट इंजिन काम सांगितलंय. थांबा जरा. आत्ता इंजिन खोलू देऊ नका. मी जुन्या गाड्यांवरच काम करतो आणि अशी तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा भानगड प्लग, वायर नाहीतर हवेच्या गळतीत निघते, पिस्टनपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

आधी हे ठरवा की इंजिन खरंच मिसिंग करतंय की नुसती बॉडी हलतेय. गाडी गरम करून न्यूट्रलला उभी करा, एसी बंद, आणि मागे जाऊन सायलेन्सरचा आवाज ऐका. एकसारखा आवाज येतोय आणि तरी केबिन थरथरतेय तर इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते माउंटिंगचे रबर बसलेत, इंजिनला हात लावायची गरज नाही. मध्येच फट्... फट् असा खंड पडत असेल तर एखादा सिलेंडर नीट पेटत नाहीये. आणि झटके फक्त पहिल्या गिअरला क्लच सोडतानाच येत असतील तर ते क्लचचं दुखणं, पण तुमचं तसं वाटत नाही.

पावसात वाढतं असं तुम्ही म्हणताय ना, तिथेच माझा संशय प्लगच्या वायरींवर जातो. तुमच्या गाडीत कॉइलपासून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) प्लगपर्यंत चार एचटी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या वायरी जातात, वर्षानुवर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून त्यांचं रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात, आणि हवा दमट झाली की करंट प्लगपर्यंत न जाता मध्येच बॉडीला उडी मारतो. रेस दिली की सिलेंडरमधलं प्रेशर वाढतं, ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं आणि कच्ची वायर नेमकी तिथे हार मानते, म्हणून झटका लोडवर जाणवतो. (सीएनजी बसवलेल्या गाडीत हेच आधी गॅसवर दिसतं आणि पेट्रोलवर गाडी ठीक वाटते, कारण गॅस पेटवायला ठिणगी अजून जोरकस लागते.) रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून वायरींवर स्प्रेच्या बाटलीने लांबूनच पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. निळसर ठिणग्या उडताना दिसल्या तर चोर सापडला. चालू इंजिनात वायरींना हात मात्र लावू नका, झटका फार जोराचा बसतो.

काही दिसलं नाही तर कुठला सिलेंडर मरतोय ते शोधा, आणि माझ्या मते हे शोधल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, एकेका इंजेक्टरचा (सिलेंडरला पेट्रोल फवारणारा भाग) कनेक्टर काढायचा आणि परत लावायचा. काढल्यावर इंजिन अजून लंगडलं तर तो सिलेंडर काम करत होता, काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. बरेच जण प्लगची वायर उपटून हे करतात, तसं करू देऊ नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा भाग) जाऊन त्याची वाट लागते. मग इंजिन थंड झालं की मेलेल्या सिलेंडरचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग गेला, जागेवरच राहिला तर वायर, कॉइल, इंजेक्टर, या क्रमाने बघा. एक आणि चार किंवा दोन आणि तीन अशी जोडी मिळून मिस होत असेल तर कॉइल, कारण अशा कॉइलपॅकमध्ये त्या जोड्या एकत्र पेटतात.

प्लगचं तोंड नीट बघा, ते बरंच बोलतं. फिकट तपकिरी असेल तर उत्तम, सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच पडत नाहीये, आणि आतल्या टोकाला ऑइल असेल तरच माझ्या मनात इंजिन कामाचा विचार येतो. वरच्या बाजूला, वायरच्या टोपीत ऑइल असेल तर तो टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरचं झाकण) गॅस्केटचा प्रश्न, किरकोळ काम आहे.

चारही सिलेंडर थोडे थोडे लंगडतायत, पण रेस दिली की आयडलिंगचा त्रास जातो, असं असेल तर संशय हवेच्या वाटेवर. व्हॅक्यूमचे रबरी पाईप दाबून बघा, सूं असा आवाज ऐका, थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह (इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणारे भाग) यांच्यातला कार्बन त्यासाठीच्या क्लीनरने साफ करून घ्या. उलट आयडलिंग छान आणि घाटात चढावर दम तुटत असेल तर फ्युएल फिल्टर, पंप, आणि पेट्रोलचं प्रेशर गेज लावून मोजा, अंदाजाने पंप बदलू नका.

चेक इंजिनचा लाइट लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे इंजिनातले दोष गाडीनेच नोंदवायची यंत्रणा, २०१० पासून आणि ओबीडी-२ २०१३ पासून सक्तीचं झालं, तुमची गाडी त्याआधीची, ती मिसिंगची नोंद करेलच असं नाही.

एवढं करूनही एकच सिलेंडर मेलेला राहिला तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते गेज लावून मोजणं. चारही आकडे कागदावर लिहून मागा. एखादा बाकीच्यांपेक्षा खूप कमी आला तर त्यात थोडं ऑइल टाकून परत मोजायला सांगा, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हे आकडे न दाखवता जो इंजिन काम सांगतो त्याच्याकडे गाडी सोडू नका.

आधी चारही प्लग काढून सिलेंडरच्या क्रमाने मांडा आणि फोटो टाका, बघून पुढचं सांगतो.