युगांडात गाइड लीडर घडवायला निघालेली लेक: वर्ष वाया जाईल का?

प्रश्न: माझी मुलगी २१ वर्षांची आहे, मानसशास्त्र घेऊन टी.वाय.बी.ए. करतेय. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. शाळेपासून ती गाइडमध्ये, म्हणजे मुलींच्या स्काउट चळवळीत आहे. रेंजर (मोठ्या वयाची गाइड) म्हणून राष्ट्रपती पुरस्कार मिळालाय, बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झालेत, आणि दोन वर्षं जवळच्या एका शाळेच्या पथकात ती सहायक कॅप्टन (पथकप्रमुखाची मदतनीस) आहे. आता परीक्षा झाली की सहा महिने युगांडाला जाऊन तिथल्या गाइड संघटनेत नव्या लीडरना प्रशिक्षण द्यायचं म्हणते. पगार नाही. एम.एस.डब्ल्यू. करायचं ठरलं होतं, ते मागे पडेल अशी धास्ती वाटते. एका कंपनीनं ‘सगळी व्यवस्था आम्ही करतो’ म्हणून दीड लाख मागितलेत. नातेवाईक म्हणतात, फुकटची हमाली कशाला? काय करावं?
– एक आई, विक्रोळी

उत्तर:

ताई, नमस्कार.

जाऊ द्या तिला. पण दीड लाख भरून नको आणि एम.एस.डब्ल्यू. सोडूनही नको. तारखा नीट लावल्या तर दोन्ही जमतं.

आधी काम काय आहे ते स्पष्ट असू द्या. मुलींना गाणी-खेळ शिकवायला ती चाललेली नाही. तिच्यासमोर बसतील त्या मोठ्या बायका, बहुतेक शाळेतल्या शिक्षिका. त्यांना दर आठवड्याला पथक भरवता यावं, संघनायिकांच्या (पथकातल्या छोट्या गटांच्या प्रमुख मुलींच्या) हाती खरी जबाबदारी देता यावी, एवढी तयारी करून घ्यायची. सहा महिन्यांनी तुमची लेक विक्रोळीत परत आलेली असेल. तेव्हा तिथली पथकं भरतायत की नाही, यावरच तिच्या कामाचं मोल ठरेल. तिथे किती तास शिकवलं, किती फोटो काढले, याला फारसा अर्थ नाही.

म्हणूनच तिनं कोणत्या भूमिकेत जायचं हे महत्त्वाचं. भारत स्काउट्स अँड गाइड्समध्ये लीडरना शिकवण्याचा अधिकार पायरीपायरीनं मिळतो: बेसिक, अ‍ॅडव्हान्स्ड, हिमालय वूड बॅज, मग असिस्टंट लीडर ट्रेनर आणि शेवटी लीडर ट्रेनर. तुमची मुलगी दुसऱ्या पायरीवर आहे. तिनं मुख्य प्रशिक्षक म्हणून जाऊ नये, तिथल्या प्रशिक्षिकेची जोडीदार म्हणून जावं, आणि यजमान संघटनेच्या पत्रात तसं लिहून घ्यावं. यात कमीपणा काहीच नाही. तिथली प्रशिक्षिका मागे राहणार आहे, तिला तिथली लुगांडा भाषा येते, कोणत्या शाळेची मुख्याध्यापिका पथकाला तास देते हे तिला ठाऊक आहे. इंग्रजी युगांडाची राजभाषा असली तरी खेड्यातल्या शिक्षिका आपसात बोलताना आपल्या भाषेत बोलतात, आणि खऱ्या अडचणी तिथेच बाहेर येतात.

आता त्या कंपनीचं. गाइड चळवळीत परदेशी जायला दलाल लागत नाही. गर्ल गाइड्सची जागतिक संघटना १९२८ सालापासून आहे आणि दीडशेहून जास्त देशांतल्या संघटना तिच्या सदस्य आहेत. एका संघटनेतून दुसरीकडे जाताना आपल्या संघटनेची शिफारस लागते. ही शिफारस जिल्हा कार्यालय, राज्य कार्यालय आणि दिल्लीचं राष्ट्रीय मुख्यालय अशा क्रमानं वर जाते, आणि तिथे आंतरराष्ट्रीय आयुक्तांकडे ठरते. यात महिने जातात. अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या, दर पंधरा दिवसांनी त्या क्रमांकानं चौकशी करा, नाहीतर कागद एका टेबलावर पडून राहतो आणि विमानाची तारीख निघून जाते. कंपनीला एकच विचारा: युगांडातल्या संघटनेचं, माझ्या मुलीच्या नावाचं, सही-शिक्क्याचं पत्र दाखवता का? ते नसेल तर पुढे बोलायची गरज नाही.

त्या पत्रात काय हवं तेही सांगतो: येण्या-जाण्याच्या तारखा, आठवड्याचे कामाचे दिवस, राहायची जागा, जेवण आणि स्थानिक प्रवासाचा खर्च कुणाचा, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन, आणि परवान्याची जबाबदारी. शेवटचा मुद्दा सगळ्यांत जास्त वेळा राहून जातो. पर्यटक म्हणून ई-व्हिसा काढून जायचं आणि तिथे संस्थेत काम करायचं, हे चालत नाही. बिनपगारी काम असलं तरी काम ते कामच. सहा महिन्यांसाठी कोणता परवाना लागतो हे यजमान संघटनेनं तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून लेखी आणायचं, तिकीट त्यानंतर काढायचं.

तारखांचा मेळ असा बसतो. एप्रिल-मेमध्ये तिची परीक्षा संपेल. युगांडाचं शालेय वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि तीन सत्रांत चालतं. दुसरं सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात संपतं, मग साधारण तीन आठवड्यांची सुट्टी, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिसरं सत्र. ती जुलैच्या मध्यात पोचली तर आधी महिनाभर चालू पथकं नुसती बघता येतील. प्रशिक्षण शिबिरं त्या सुट्टीत घ्यायची, कारण शिक्षिका तेव्हाच मोकळ्या असतात. तिसऱ्या सत्रात त्यांच्या शाळांवर जाऊन पाठपुरावा करायचा. सप्टेंबर ते नोव्हेंबर तिथे पावसाचे, कच्च्या रस्त्यावर गाडी अडकते, म्हणून एका दिवशी एकच शाळा धरा. डिसेंबर-जानेवारीत ती घरी असेल. सी.यू.ई.टी. पी.जी. या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे अर्ज साधारण त्याच सुमारास भरले जातात आणि परीक्षा मार्चच्या आसपास असते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा पदव्युत्तर प्रवेश आता याच परीक्षेतून सुरू होतो. एक धोका लक्षात ठेवा: या परीक्षेचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. ‘आत्ता परीक्षा देऊन ठेवते, प्रवेश पुढच्या वर्षी घेते’ असा विचार असेल तर फी आणि अभ्यास दोन्ही फुकट. जाऊन आल्यावरच परीक्षा द्यायची. अभ्यासाची पुस्तकं मात्र सोबत न्यावीत, डिसेंबरच्या रात्रींवर विसंबू नये.

आता शिबिराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, ते तिलाही वाचायला द्या. तीन दिवसांचं शिबिर आणि तीसपर्यंत लीडर, यापेक्षा मोठा घाट घालू नये. पहिल्या तासालाच त्यांचे सहा-सहा जणींचे पाच संघ करायचे, प्रत्येक संघानं आपली संघनायिका निवडायची, आणि तिन्ही दिवस सगळं काम संघातूनच चालवायचं. संघपद्धतीवर भाषण ऐकून कुणी संघपद्धत शिकत नाही. स्वतः संघात राहिलेली बाईच पुढे मुलींवर जबाबदारी सोपवते. बाकीच्या सगळं स्वतःच करतात आणि दोन महिन्यांत थकून पथक सोडतात.

प्रत्येक अर्ध्या दिवसाचा साचा साधा ठेवावा. आधी नव्वद मिनिटांची पथकसभा प्रत्यक्ष करून दाखवायची: दहा मिनिटं प्रार्थना आणि तपासणी, दहा मिनिटं खेळ, वीस मिनिटं संघाचं काम, अर्धा तास एखादं कौशल्य, दहा मिनिटं गाणं आणि समारोप, उरलेली दहा मिनिटं गोंधळासाठी मोकळी. मग एका संघानं उरलेल्यांना मुली समजून तशीच सभा घ्यायची. मग चर्चा: कुठे अडलं, कोणती मुलगी गप्प राहिली, कॅप्टन जास्त बोलली का. नवी प्रशिक्षिका बहुतेक वेळा इथेच चुकते. करून दाखवण्यात तिचे दोन तास जातात आणि समोरच्यांना करून बघायला वेळच उरत नाही. नियम असा ठेवावा की बोलण्यापेक्षा त्यांच्या हातांना दुप्पट वेळ मिळावा.

सामान तिथल्या बाजारात मिळेल तेच वापरायचं. गाठींसाठी माणशी तीन मीटर सुती दोरी, तीस जणींना नव्वद मीटर, वर दहा मीटर जास्तीची. टोकं नीट बांधलेली हवीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी पीळ सुटतो. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपवर बेतलेलं शिबिर वीज गेली की बसतं, आणि घरी गेल्यावर त्या शिक्षिकेकडे तो प्रोजेक्टर नसतोच. आपली मराठी गाणी आणि मुंबईचे खेळ भरभरून नेण्याचा मोह होतो. एक-दोन ओळखीपुरते ठीक, बाकी खेळ त्यांच्याकडूनच काढून घ्यावेत.

खरी मेहनत शिबिरानंतरची आहे. चार ते सहा आठवड्यांनी प्रत्येक लीडरच्या शाळेत जाऊन एक पथकसभा मागे बसून बघायची आणि तीन गोष्टी टिपायच्या: किती मुली आल्या, सभा कुणी चालवली, कोर्ट ऑफ ऑनर (संघनायिकांची बैठक) भरली का. अर्धी पथकं बंद दिसली तर दचकू नये, कारण शोधावं. शिक्षिकेची बदली झाली, मुख्याध्यापकांनी तास काढून घेतला, शाळेपर्यंतचं भाडं परवडत नाही, अशीच कारणं निघतात, आणि त्यावरचा उपाय शिबिरात नसतो. म्हणून शिबिराला एका शाळेतून दोन जणी बोलवाव्यात आणि मुख्याध्यापकांना आधी पत्र जावं. मुलींबाबतचे नियमही आधी मागून घ्यावेत: कुणीही मोठ्या व्यक्तीनं एकट्या मुलीसोबत बंद खोलीत थांबायचं नाही, परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही आणि टाकायचा तर नाहीच.

जायच्या आधी पुण्याच्या संगम केंद्राशी पत्रव्यवहार करून एकदा जाऊन यायला सांगा. जागतिक संघटनेचं हे केंद्र १९६६ साली सुरू झालं, तिथे देशोदेशींच्या स्वयंसेविका येतात. परक्या देशात काम करताना त्यांना काय जड गेलं, हे मुंबईहून चार तासांवर बसून विचारता येतं.

कागदांचं थोडक्यात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारा हवा. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतं, फी ५०० रुपये. तुमची इमारत पुनर्विकासाला गेली असेल आणि सध्या भाड्यानं राहत असाल तर अर्जात आत्ताचाच पत्ता घाला, नाहीतर तपासणीला आलेले पोलीस कुलूप बघून परत जातात. पीतज्वराची लस निव्वळ औपचारिकता समजू नका. युगांडात शिरताना दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. परतताना दाखला हातात नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मुंबईत ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, गल्लीतल्या डॉक्टरांकडे नाही, म्हणून महिनाभर आधी नाव नोंदवा. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. मलेरियाच्या गोळ्या आणि आजारपणात परत आणण्याचा खर्च देणारा विमा, हे दोन्ही हवंच.

‘फुकटची हमाली’ म्हणणाऱ्यांना एवढं सांगा की प्रौढांना शिकवता येणं हे वेगळं कौशल्य आहे. शिक्षक-प्रशिक्षण करणाऱ्या संस्था, किशोरींसोबत काम करणारे प्रकल्प आणि कंपन्यांचे ट्रेनिंग विभाग याच कौशल्यासाठी माणसं घेतात. फक्त बायोडेटात ‘युगांडात स्वयंसेवा’ एवढंच लिहून भागणार नाही. किती लीडर, किती शिबिरं, तीन महिन्यांनी किती पथकं चालू, हे आकडे आणि यजमान संघटनेचं तारखांसह पत्र हवं. आणखी एक वाट उघडी ठेवा: रेल्वेत स्काउट्स-गाइड्स कोट्यातून भरती होते, चर्चगेट आणि सी.एस.एम.टी. दोन्ही मुख्यालयं आपल्याच शहरात आहेत. राष्ट्रपती पुरस्कार तिच्याकडे आहेच, पण त्यात सलग काही वर्षांचं सक्रिय सदस्यत्वही बघतात. ती परदेशात असतानाच्या वर्षाची नोंदणी खंडित होणार नाही, हे जिल्हा कार्यालयात आधीच बघून घ्या.

आणि ती इथलं पथक कुणाकडे सोपवून जाणार? आतापासून एक शिक्षिका किंवा रेंजर सोबत घ्यायला सांगा. पहिला महिना तिनं नुसतं बघायचं, दुसऱ्या महिन्यात अर्धी सभा घ्यायची, तिसऱ्या महिन्यात पूर्ण सभा तिची आणि तुमची लेक मागे बसलेली. हजेरीपट, मुलींच्या पालकांचे फोन, सामानाच्या पेटीची किल्ली हातात द्यायची. त्या नव्या बाईंचं नाव जिल्हा कार्यालयात आत्ताच घाला. बेसिक कोर्स बहुधा दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत लागतात, आणि मेचा हुकला तर दिवाळीपर्यंत पथक बिनकोर्सच्या हातात राहील.