वेगवेगळ्या विभागांच्या लोकांसमोर माझं अर्धवट संशोधन मांडायचं आहे. काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की विद्यापीठात सगळ्या शाखांची मंडळी अनौपचारिक चर्चेला जमतात, तिथे तुम्हाला अर्धा तास दिलाय, पण पीएचडीचं काम अजून पुरं झालेलं नाही आणि तुमचा विषय तिथे कुणालाच ठाऊक नाही. माझं मत स्पष्ट आहे: जिथे अडलाय, तेच मांडा. पक्के निष्कर्ष तुमच्या शाखेच्या परिषदेत सांगायचेच आहेत.

१९७२ साली ह्यू माँटगोमेरी हा तरुण गणिती प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये गेला होता. मूळ संख्यांच्या अभ्यासात रीमान झीटा फल (फंक्शन) वापरतात; त्याच्या शून्यांमधली, म्हणजे त्याची किंमत जिथे शून्य होते त्या बिंदूंमधली, अंतरं कशी विखुरलेली असतात, याचा तो शोध घेत होता. चहाच्या वेळी त्याची गाठ भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसनशी घालून दिली गेली. माँटगोमेरीने आपलं सूत्र सांगताच डायसनने ते ओळखलं! जड अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्या समजून घेण्यासाठी भौतिकशास्त्रात यादृच्छिक मॅट्रिक्स (यदृच्छेने भरलेल्या संख्यांचे चौकोनी तक्ते) वापरतात, त्यांच्या आयगेन मूल्यांमधल्या, म्हणजे अशा तक्त्यातून गणिताने निघणाऱ्या खास संख्यांमधल्या, अंतरांनाही तेच सूत्र लागू पडतं. माँटगोमेरीचं ते अनुमान आजही पूर्ण सिद्ध झालेलं नाही, पण त्या गप्पांतून संशोधनाची एक अख्खी दिशा उघडली.

डायसनला संख्या सिद्धांताची सगळी पार्श्वभूमी ऐकावी लागली नाही, एक सूत्र पुरलं. म्हणून तुमच्या प्रश्नाचाही असा गाभा शोधा: एखादा आलेख, एखादं सूत्र, नाहीतर न जुळणारे दोन आकडे. काय मोजता, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसतंय, एवढं पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर आलं पाहिजे. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा सरळ गाळा. स्लाइड दोन-तीन पुरेत.

समोर कोण बसलंय, यानेही फरक पडतो. लंडनमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या रेशो क्लबात मेंदूचे अभ्यासक, गणिती, अभियंते एकत्र बसत. संगणकशास्त्राचा पाया घालणारा गणिती ॲलन ट्युरिंगही सदस्य होता. मोकळेपणाने बोलता यावं म्हणून तिथे प्राध्यापकांना सदस्यत्वच नव्हतं. तुम्हाला तसं करता येणार नाही, पण मार्गदर्शक येणार असतील तर 'आधी बाकीच्यांना विचारू द्या' अशी विनंती त्यांना जरूर करा. नाहीतर तुमच्याऐवजी तेच उत्तरं देऊ लागतात आणि विद्यार्थी गप्प होतात.

निम्मा वेळ प्रश्नांसाठी ठेवा, मध्येच कुणी थांबवलं तर थांबा. 'पण हे मोजायचंच कशाला?' असं कुणीतरी विचारेलच. तो प्रश्न शब्दशः लिहून घ्या, कारण प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात त्याचंच उत्तर द्यावं लागतं.